बंधारा मंजूर झाला, शेजारच्या वाडीचं काय?

मा. संपादक यांस,
स. न. वि. वि.

गेल्या आठवड्यात आपल्या अंकात आमच्या भागातली बातमी वाचली. उधाणात माड पडले, ग्रामस्थांनी मागणी केली, पाहणी झाली आणि धूपप्रतिबंधक बंधाऱ्याचं आणखी एक काम मंजूर झालं. सोबत फोटो होता. छत्र्या धरलेले पाचसहा जण आणि त्यांच्या मागे मुळासकट आडवा झालेला माड. बातमी खरी आहे आणि माडही खरेच पडलेत, मी जाऊन बघून आलो. पण तिच्यात एक वाक्य होतं, 'या बंधाऱ्यामुळे किनाऱ्याची धूप कायमची थांबेल.' त्या वाक्यापायी हे पत्र. चौतीस वर्षं मी सरकारी बांधकामाच्या नोकरीत काढली, त्यातली अकरा समुद्राकाठी दगड मोजण्यात. 'कायमची' हा शब्द एका अंदाजपत्रकाच्या टिपणीत मी स्वतःच्या हातानं लिहिलेला आहे. म्हणून तो जास्त टोचला.

पत्र लांबणार आहे. कापायचंच झालं तर मधलं कापा, शेवट ठेवा. मागणी शेवटी आहे.

माझा मुलगा अमेरिकेत मेरीलँड राज्यात असतो. गेल्या उन्हाळ्यात चार महिने त्याच्याकडे होतो. नातवाला समुद्र बघायचा होता, म्हणून तीन तास गाडीनं ओशन सिटी नावाच्या गावी गेलो. गाव म्हणजे समुद्र आणि खाजण यांच्यामध्ये उभी पसरलेली वाळूची अरुंद पट्टी. थंडीत तिथं सातेक हजार माणसं राहतात, पण उन्हाळ्यातल्या शनिवार-रविवारी आकडा लाखांत जातो. समुद्राला लागून लाकडी फळ्यांचा लांबच लांब रस्ता आहे, त्यावर बटाट्याच्या तळलेल्या फोडी कागदी बादलीतून देतात आणि वर व्हिनेगर शिंपडतात. सूनबाईंना आवडल्या. मला आपलं सोलकढीच्या आंबटाची आठवण झाली, एवढंच.

त्या फळ्यांच्या रस्त्याच्या दक्षिण टोकाला भलंमोठं पार्किंग आहे. शेकडो गाड्या मावतील असं. मुलानं गाडी लावली आणि सहज म्हणाला, "बाबा, इथं पूर्वी पाणी होतं." मी गाडीतून उतरलो तो उतरलोच. नातू पाळण्यांकडे ओढत होता आणि मी उलट्या दिशेला, दगडांकडे. ज्याची त्याची सवय.

त्या पार्किंगच्या पलीकडे समुद्रात लांबवर गेलेली दगडांची भिंत आहे. तिला ते जेट्टी म्हणतात. आपल्याकडे जेट्टी म्हणजे लाँच लागते तो धक्का, म्हणून गोंधळ नको. तिकडची जेट्टी म्हणजे मुखाच्या, म्हणजे खाजणाचं पाणी समुद्राला मिळतं त्या वाटेच्या, दोन्ही अंगांना समुद्रात काढलेले दगडी हात, मुख वाळूनं बुजू नये म्हणून. या मुखाची कथा अशी. १९३३ च्या ऑगस्टपर्यंत तिथं मुख नव्हतंच. ओशन सिटी आणि तिच्या दक्षिणेचं असाटीग बेट मिळून वाळूची एकच सलग पट्टी होती. २३ ऑगस्टच्या सुमाराला मोठं चक्रीवादळ आलं. मागच्या खाजणात पाऊस आणि वादळाचं पाणी इतकं तुंबलं की ते समुद्राकडे फुटलं आणि गावाच्या दक्षिण कडेला पट्टी दुभंगली. रेल्वेचा पूलही गेला. आपल्याकडे असं झालं असतं तर आधी नुकसानभरपाईचे अर्ज निघाले असते. तिथल्या कोळ्यांना मात्र वादळानं फुकटात बंदर दिलं. तोवर ते लाटांतून होड्या लोटत होते. आता होड्या थेट खाजणात आणून बांधता येणार होत्या. मुख पुन्हा बुजायच्या आत ते टिकवायचं ठरलं आणि अमेरिकी लष्कराच्या अभियंत्यांनी १९३५ पर्यंत दोन्ही बाजूंना दगडी हात बांधून टाकले.

काम चोख आहे, हे मी व्यवसायबंधू म्हणून सांगतो. नव्वद वर्षं झाली, मुख आहे तिथंच आहे. मासेमारी वाढली, गाव वाढलं. ज्याला मुख हवं होतं त्याला ते मिळालं.

वाळूचा हिशेब मात्र कुणी मांडला नव्हता. लाट किनाऱ्यावर क्वचितच सरळ येते. ती तिरकी येते, वाळूचा कण तिरका वर चढवते, आणि परतताना पाणी उतारानं सरळ खाली येतं. पुढच्या लाटेला तोच कण पुन्हा तिरका वर. सुपात धान्य पाखडताना दाणे जसे एका कडेला सरकत जातात, तशी वाळू किनाऱ्यानं चालत असते. त्या भागात वर्षाचा सगळा जमाखर्च मांडला तर ती उत्तरेकडून दक्षिणेकडे जाते. म्हणजे असाटीग बेटाची रोजची भाकरी ओशन सिटीच्या किनाऱ्यावरून येत होती. मध्ये दगडी हात आले. उत्तरेच्या हाताला वाळू अडली, साचली, किनारा रुंद होत होत समुद्रात सरकला आणि तिथं पार्किंग झालं. आमची गाडी उभी होती ती या अडवलेल्या वाळूवर.

जी वाळू हाताच्या टोकाला वळसा घालून पुढे गेली तीही बेटाला मिळाली नाही. भरती-ओहोटीच्या ओढीनं काही खाजणात आत गेली, तिथं तिचे उथळे, म्हणजे पाण्याखालचे वाळूचे ढीग, झाले. बाकीची मुखाबाहेर समुद्रात अर्धचंद्रासारखी साठत राहिली. असे उथळे भरायला दशकं लागतात आणि ते भरेपर्यंत पलीकडच्याचं ताट रिकामं.

मी उत्तरेच्या दगडांवर उभा राहून पलीकडे बघितलं. चष्म्याशिवाय दिसत होतं. दक्षिणेची जेट्टी पाण्यात पुढे आलेली आणि बेटाचा किनारा तिच्या कितीतरी मागं. दोन किनारे एका रेषेत नाहीतच. एका तुटलेल्या पट्टीचे हे दोन तुकडे, पण आता एक पुढच्या ओळीत आणि दुसरा मागच्या. बेट मागं सरत गेलं तसा दक्षिणेच्या जेट्टीचा जमिनीकडचा भागही वाढवत न्यावा लागला, नाहीतर समुद्र मागून वळसा घालून आला असता. माझ्या शेजारी एक म्हातारा गळ टाकून बसला होता. मी पावलं मोजतोय हे बघून त्याला वाटलं माझं काहीतरी हरवलंय. मदतीला उठला बिचारा.

दुसऱ्या दिवशी मी हट्ट धरून असाटीगला गेलो. मुखावर पूल नाही, मोठा वळसा घालून दुसऱ्या पुलानं बेटावर जावं लागतं. तिथं रानटी घोडे आहेत. ते पार्किंगमध्ये येऊन गाड्यांच्या खिडक्या हुंगतात आणि त्यांना खायला देऊ नका अशा पाट्या जागोजागी आहेत. नातवाचा दिवस तिथंच वसूल झाला. मी आणि मुलगा किनाऱ्यानं उत्तरेला चालत सुटलो. दीड तास चाललो असू. एका जागी ओहोटीच्या रेषेत वाळूखालून काळपट चिखलाचा थर वर आलेला दिसला, त्यात कुजक्या मुळ्यांचं जाळं. बोटानं उकरला तर खाजणातल्या चिखलासारखा वास. आपल्या चिपीच्या, म्हणजे खारफुटीच्या, खाली असतो तसलाच. मला क्षणभर कळेना, समुद्राच्या तोंडावर खाजणाचा चिखल कसा? मग उलगडा झाला. हे बेट जागचं उठून मागं चाललंय. वादळात लाटा बेटावरून पार पलीकडे जातात, पुढची वाळू उचलून मागच्या बाजूला पसरतात. मागच्या दलदलीवर वाळू चढते, आणि बेट आणखी मागं आलं की जी दलदल कधीकाळी पाठीशी होती ती समुद्राच्या तोंडाशी उघडी पडते. चटई गुंडाळत न्यावी तसं.

अशी वाळूची बेटं मागं सरकतातच, समुद्राची पातळी वाढते तशी ती सरकणारच. त्यात जेट्टीचा दोष नाही. पण उपाशी बेट भराभर सरकतं आणि बुटकं होत जातं. असाटीगचं उत्तर टोक जवळजवळ बेटाच्या एका रुंदीइतकं मागं गेलंय. मुखापासून दक्षिणेला दूर जावं तसा हा वेग कमी होत जातो. कारण आणि परिणाम इतके स्वच्छ शेजारी शेजारी बघायला मिळण्याची जागा मी तरी दुसरी पाहिली नाही.

त्याच बेटावर एक फुटका डांबरी रस्ता दाखवतात. १९५०च्या दशकात तिथं प्लॉट पाडले होते. रस्त्याला ऐटीत 'बाल्टिमोर बूलेव्हार' नाव, शहर वसायचं होतं. १९६२च्या मार्चमधल्या वादळानं सगळं धुऊन नेलं, आणि १९६५ साली सरकारनं ते राष्ट्रीय किनारा म्हणून राखून ठेवलं. आता डांबराच्या खपल्या वाळूच्या टेकडीतून बाहेर डोकावतात. वर गवत वाढलंय. प्लॉट घेतलेल्यांचं काय झालं असेल हा विचार माझ्या मनात आलाच. आपल्याकडे प्लॉट घेणारे फार.

आता आमच्या खात्याच्या भाषेत येतो. २००२ साली असाटीगच्या उत्तर भागात बाहेरच्या एका उथळ्यावरून वाळू आणून टाकली, १४ लाख घनमीटरच्या आसपास. वाळू ब्रासमध्येच मोजायची आमची खोड, म्हणून तिथंच मोबाइलवर भागाकार केला. ब्रास म्हणजे १०० घनफूट, २.८३ घनमीटर. सुमारे ५ लाख ब्रास. एवढी वाळू ओतूनही १९३४ पासून मुखामुळे बेटाची जी वाळू तुटली तिच्या साधारण १५ टक्केच परत आली. आणि २००४ पासून दरवर्षी दोनदा, वसंतात आणि शरदात, लष्करी अभियंत्यांची छोटी जहाजं मुखातल्या आणि मुखाबाहेरच्या उथळ्यांवरून वाळू उपसतात, दक्षिणेला बेटासमोर उथळ पाण्यात जातात आणि रिकामी करतात. जहाजाचं पोटच मधोमध उघडतं आणि वाळू खाली पडते, पुढचं काम लाटा करतात. उद्दिष्ट वर्षाला १ लाख ४० हजार घनमीटरच्या आसपास, म्हणजे ५० हजार ब्रासच्या घरात. आमच्या रस्त्यांवरून तीन ब्रासचा डंपर जातो असं धरलं तर दरवर्षी साडेसोळा हजार खेपा. मुख आहे तोवर हे असंच चालणार.

जेट्ट्या १९३५ला पुऱ्या झाल्या. वाळूची नियमित परतफेड सुरू झाली २००४ला. मधली जवळजवळ सत्तर वर्षं बेट उधारीवर जगलं.

आणि वाळू अडवून ओशन सिटी तरी सुखी झाली का? अडलेली वाळू दक्षिण टोकाला साचली. वरच्या बाजूला उंच उंच इमारती वाळूला खेटून उभ्या आहेत, तिथं किनारा रोडावला. १९८८ला आणि मग १९९०-९१ला समुद्रातून वाळू उपसून पुळण रुंद केली, मागं वाळूची टेकडी घातली, तेव्हापासून दर थोड्या वर्षांनी पुन्हा वाळू ओतावी लागते. त्यांच्याकडे पैसा आहे, ते ओततात.

आता माझं स्वतःचं सांगतो. नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीची गोष्ट. एका वाडीपुढे तीनशे मीटर दगडी बंधारा घालायचं काम माझ्याकडे आलं. काळा दगड, खाली कापड, वर मोठे दगड, समुद्राकडे उतार. मे महिन्यात घाई करून पुरा केला, मोजमाप पुस्तकात नोंदी झाल्या, बिल निघालं. वाडीतल्या लोकांनी नारळ फोडला, मला शाल दिली. पावसाळा गेला, वाडी शाबूत. दुसऱ्या वर्षी बंधाऱ्याच्या दक्षिण टोकाला, जिथं दगड संपतो तिथं, समुद्रानं अर्धगोल चावा घेतला. शेजारच्या बागेतले सात माड एका उधाणात गेले. दगडावर आपटलेली लाट रिकामी परत जात नाही. ती पायथ्याची वाळू खरवडून नेते, आणि बंधाऱ्याच्या टोकाशी तिचा जोर वळून बाजूच्या मोकळ्या वाळूवर पडतो. शिवाय बंधाऱ्यामागची वाळू, जी आधी उधाणात सुटून शेजाऱ्याच्या पुळणीला मिळायची, ती आता दगडाआड कोंडलेली. हे सगळं मला पुस्तकात होतं तेवढं ठाऊक होतं. आमचं काम मात्र खांबापासून खांबापर्यंत असायचं. खांबापलीकडची वाळू आमच्या हद्दीत नव्हती.

ती बाग एका म्हाताऱ्या बाईची. आम्ही त्यांना आक्का म्हणायचो. मी बंधाऱ्यावर बसलेले दगड तपासायला गेलो तेव्हा त्या पडलेल्या माडाच्या बुंध्यावर बसल्या होत्या. मला चहा दिला. आणि म्हणाल्या, "भाऊ, तुमी दर्याक आडवलास खंय? हयसून उचलून माज्या दारात आणून सोडलास." मी म्हटलं, वरून मंजुरी आली की तुमच्या पुढेही बंधारा घालू. घातला. पुढच्या वर्षी त्यांच्या दक्षिणेचा शेजारी तक्रार घेऊन आला.

असे तुकडे जोडत जोडत आपला बंधारा वाढत जातो. दगड पुढच्या पावसात खाली बसतात, वर नवे टाकतात, तेही बसतात. आणि जिथं बंधारा तिथं हळूहळू पुळण उरत नाही. ओहोटीलाही पाणी दगडाला लागून. रापण म्हणजे किनाऱ्यावरून ओढायचं मोठं जाळं, ते ओढायला दोन्ही बाजूंनी वीस-पंचवीस माणसं वाळूत पाय रोवून उभी राहायला हवीत. दगडावर रापण ओढता येत नाही, जाळं फाटतं आणि माणसंही घसरतात. माझ्या डोळ्यांदेखत दोन रापण संघांनी जागा सोडली. कासवांना अंडी घालायला वाळू लागते, तीही दगडाला टेकून परत जातात.

ओशन सिटीचा धडा जसाच्या तसा कोकणाला लावता येत नाही, हे मला माहीत आहे, आणि कुणी तसं करू लागलं तर मीच आधी आडवा येईन. आपला किनारा सलग पट्टीचा नाही. दोन डोंगरी टोकांच्या मध्ये एक पुळण, मग खाडी, मग पुन्हा पुळण. पावसाळ्यात वाळू किनारा सोडून समोर पाण्यात जाते आणि नारळी पौर्णिमा उलटली की हळूहळू परत यायला लागते, दिवाळीपर्यंत पुळण पुन्हा भरते. श्रावणात पाहणीला आलं तर कोकणातला प्रत्येक किनारा धूप झालेला दिसतो. बंधाऱ्याच्या मागण्या नेमक्या तेव्हाच होतात, फोटोही तेव्हाचेच. दिवाळीत कुणी फोटो काढायला येत नाही. आणि वाळू परत येण्याच्या वाटेवरच दगड घातला तर ती तिथं टिकत नाही.

पण काही जागा असाटीगच्या सख्ख्या बहिणी आहेत. देवबाग बघा. एका अंगाला समुद्र, दुसऱ्या अंगाला कर्ली नदी, मध्ये माडांची चिंचोळी पट्टी आणि टोकाला मुख. एका बाजूनं जमिनीला चिकटलेली असली तरी वागणूक त्याच वाळूच्या बेटांची. मुखाशी वाळूचे दांडे सरकतात, एका वर्षी इकडे, दुसऱ्या वर्षी तिकडे. पर्यटकांना होडीतून नेऊन ज्या दांड्यावर उतरवतात तोही याच देवघेवीतला. अशा ठिकाणी मुखातली वाळू ही टोकाच्या गावाची ठेव असते. ती उपसून लिलावात गेली आणि समुद्राकडे दगड पडला, तर गावाला दोन्हीकडून कात्री.

दूर जायला नको, आपल्याच देशात चेन्नईचं बंदर आहे. १८७६च्या सुमारास तिथं समुद्रात हात बांधायला घेतले. पूर्व किनाऱ्यावर वाळू उत्तरेला चालते, म्हणून बंदराच्या दक्षिणेला वाळू साचत गेली आणि मरिना बीच एवढा रुंद झाला. रामेश्वरला जाताना आम्ही तिथं उतरलो होतो, पाण्यापर्यंत चालता चालता बायको दमली. उत्तरेला रोयापुरमकडे मात्र समुद्र घरांत शिरू लागला, तिथं दगडांची भिंत घालावी लागली. पुदुच्चेरीतही १९८०च्या दशकाच्या अखेरीस बंदराचे हात बांधले आणि उत्तरेला शहरापुढची पुळण नाहीशी झाली, दगड तेवढे उरले. म्हणजे माहिती नव्हती असं कुणी म्हणू नये. मद्रासच्या बंदराला दीडशे वर्षं होत आली.

दगड नको तर मग काय, हा प्रश्न मला गावात रोज विचारतात. अमेरिकेतच नॉर्थ कॅरोलिना राज्यानं समुद्रकिनाऱ्यावर बंधारे आणि दगडी हात घालायला १९८५च्या सुमारास बंदी आणली, नंतर ती काही ठिकाणी सैल केली. तिथं केप हॅटरस नावाचा १८७०चा विटांचा दीपस्तंभ आहे, ६० मीटरहून उंच. त्याच्याजवळ नौदलानं वाळू अडवायला तीन आडवे बांध घातले होते, त्यांनी थोडी वर्षं आधार दिला. शेवटी समुद्र पायथ्याशी आला तेव्हा १९९९ साली अख्खा दीपस्तंभ उचलून रुळांवरून जवळजवळ नऊशे मीटर मागं नेला. तेवीस दिवस लागले. आमची घरं कोण उचलणार, असं लोक विचारतील. बरोबर आहे. पाच गुंठ्यांत मागं सरायला जागा कुठं? जिथं पडवीच्या पायरीला लाट लागते तिथं दगड टाकावाच लागेल, उद्या मला सांगितलं तर मीही टाकेन. पण गेल्या दहा वर्षांत समुद्राच्या तोंडावर ज्या नव्या पर्यटन-खोल्या झाल्या, त्यासाठी वाळूच्या टेकड्या सपाट केल्या, वाळू धरून ठेवणारी मर्यादवेल उपटली, त्यांच्यापुढेही सरकारी पैशानं बंधारा मागितला जातो. तिथं मात्र माझा हात आखडतो.

आता मागणी. बंधाऱ्याच्या अंदाजपत्रकात दगड असतो, वाहतूक असते, कापड असतं, फलक असतो. त्यात आणखी तीन ओळी घालाव्यात. बंधाऱ्याच्या दोन्ही टोकांना एकेक किलोमीटर किनाऱ्याची मोजणी कामाआधी एक वर्ष आणि कामानंतर पाच वर्षं व्हावी, वैशाखात, श्रावणात आणि दिवाळीत, आणि ते आकडे ग्रामपंचायतीच्या फलकावर लागावेत. टोकाला शेजाऱ्याची बाग गेली तर तिची भरपाई त्याच कामाच्या पैशातून व्हावी. त्यासाठी आक्कांसारखी माणसं पुढच्या मंजुरीची वाट बघत बसायला नकोत. आणि होड्यांसाठी मुख मोकळं करताना जी वाळू निघेल ती लिलावात न काढता जवळच्या खंगलेल्या पुळणीसमोर टाकावी. तीन ब्रास असो की तीनशे. महसूल बुडेल हे खरं, पण तेवढ्याच पैशाचा दगड वाचेल. मेरीलँडमध्ये हे करायला त्यांना सत्तर वर्षं लागली, आपल्याला घाई करायला हरकत नाही.

मंजूर झालेल्या कामाचं अंदाजपत्रक मी माहिती अधिकारात मागितलं आहे, अजून आलेलं नाही. दरम्यान मी माझी जुनी वही काढली आहे. आक्कांच्या बागेतल्या विहिरीच्या कठड्यापासून भरतीच्या रेषेपर्यंतची मापं १९९३पासून तिच्यात आहेत, मधली काही वर्षं सुटलीत. पहिलं माप ४१ मीटर आहे, गेल्या वैशाखातलं १७. आक्का गेल्या, विहीर आहे. येत्या दिवाळीत पुन्हा फीत लावणार आहे. फितीचं दुसरं टोक धरायला कुणी येणार असेल तर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी दुपारच्या भरतीला यावं. मी विहिरीपाशी असेन.

आपला,
एक निवृत्त कनिष्ठ अभियंता
तालुका मालवण, जि. सिंधुदुर्ग